साडेनऊचा स्टँडअप

पट्टीश्वरम् हे कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव. चोळांची जुनी राजधानी पळैयारै इथून हाकेच्या अंतरावर. तेनुपुरीश्वराचं मोठं देऊळ आणि त्यातली दुर्गा यांच्यामुळे गावाचं नाव तमिळनाडूत सगळीकडे माहीत आहे. माझं सासर इथलं, तंजावरी मराठी घर. माझी टीम सॉफ्टवेअरची. काही जण पुण्यात आहेत, काही कुंभकोणममध्ये आणि आसपासच्या गावांत आपापल्या घरून काम करतात. रोज सकाळी साडेनऊला आम्ही पंधरा मिनिटं भेटतो, तोच आमचा स्टँडअप. आधी पुण्यात ऑफिसातल्या बोर्डासमोर आणि आता इथून स्क्रीनवर, ही बैठक मी मॅनेजर म्हणून बरीच वर्षं बघते आहे.

या बैठकीबद्दल लोक कुरकुर फार करतात आणि बऱ्याच ठिकाणी ती रास्तही असते. तरीही ती बंद करावी असं मला कधी वाटलं नाही. स्टँडअप चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. अडकलेल्या माणसाला ‘मी अडकलोय’ हे चारचौघांत किती लवकर सांगता येतं? दोन तासांत की तीन दिवसांनी? खाली लिहिलं आहे ते सगळं याच प्रश्नाभोवतीचं आहे.

१. ही बैठक मॅनेजरची नाही

स्टँडअप बिघडला आहे हे ओळखायला लोक कुणाकडे बघून बोलतात एवढंच पाहावं. सगळे जण एकामागून एक मॅनेजरकडे तोंड करून बोलत असतील, तर तो हजेरीपट झाला. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतात, ऐकत कुणीच नसतं.

स्टँडअपचा उगम पाहिला तर गंमत वाटते. जेम्स कोप्लिन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोर्लंड कंपनीतल्या क्वाट्रो प्रो या स्प्रेडशीटवर काम करणाऱ्या टीमचा अभ्यास केला. ती मंडळी जवळजवळ रोज एकत्र बसत, आणि त्यांच्या बैठका मुळीच छोट्या नसत. पण बोलणं चाले ते प्रत्यक्ष बांधणाऱ्यांचं, एकमेकांशी. त्या अभ्यासाचा परिणाम जेफ सदरलंड यांच्यावर झाला. पुढे १९९५ मध्ये त्यांनी आणि केन श्वेबर यांनी ‘स्क्रम’ ही टीमने काम करण्याची पद्धत जगापुढे मांडली, तिच्यात ही रोजची भेट आली. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही ही पंधरा मिनिटं डेव्हलपर मंडळींचीच आहेत असं स्पष्ट म्हटलं आहे. बॉसला अहवाल देण्याची सोय म्हणून ती कुणी काढलेली नाही. आपल्याकडे येईपर्यंत तिची सोय तशी झाली.

म्हणून मी दोन गोष्टी पाळते. बैठक चालवण्याची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि त्यात अगदी नव्याने आलेला पोरगाही असतो. दुसरं म्हणजे पहिलं वाक्य मी कधीच बोलत नाही. पुण्यात असताना मी गोलात जरा मागे उभी राहायचे आणि वहीत लिहीत राहायचे. समोरच्याने माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली की मी खाली वहीत बघायचे. मग त्याचे डोळे आपोआप शेजाऱ्याकडे वळत. स्क्रीनवर हे जमत नाही, तिथे मी सरळ नाव घेऊन सांगते, ‘हे टेस्टिंगवाल्यांना सांग, मला नको.’

स्टेटस हवा असेल तर तो बोर्डावर असतो. मॅनेजरने तो आधी वाचून यावा. दहा माणसांचा वेळ आपल्या वाचनाऐवजी खर्च करणं मला उधळपट्टी वाटते.

२. वेळ माणसांच्या दिवसात बसवा

साडेनऊ ही वेळ आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवली, आणि तिच्यामागे दोन गावांचा दिवस आहे. पुण्यातल्या मंडळींना हिंजवडीच्या रस्त्यावर अडकायच्या आत घरूनच बोलून मोकळं व्हायचं असतं. इथल्या मंडळींचा शुक्रवार वेगळा असतो. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्या वेळी पट्टीश्वरमच्या दुर्गेपुढे लिंबाच्या अर्ध्या सालीत तुपाची वात लावायला बायकांची रीघ लागते, कुंभकोणमहून बसगाड्या भरून येतात, आणि देवळासमोरच्या रस्त्यावरून स्कूटर काढणंही कठीण होतं. टीममधल्या काही जणी आईला किंवा सासूला घेऊन जातात. शिवाय राहुकाळात नवं काम सुरू करू नये असं मानणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. साडेनऊला बोलणं उरकलं की दिवसाचं काम राहुकाळाआधीच सुरू झालेलं असतं. कुणालाही कारणं द्यावी लागत नाहीत.

वेळ एकदा ठरली की ती मोडायची नाही. जे आले असतील त्यांच्यासह साडेनऊला सुरुवात. उशिरा आलेल्यासाठी मागचं पुन्हा सांगायचं नाही, त्याने नंतर कुणाला तरी विचारून घ्यावं. मी स्वतः प्रवासात असले तरी बैठक माझ्यासाठी थांबत नाही, आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मॅनेजरची वाट बघत थांबलेली टीम म्हणजे पहिल्या मुद्द्यातला हजेरीपट.

३. माणसांवरून नको, कामांवरून चला

‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न सगळ्यांना पाठ आहेत. २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेतून ते काढून टाकलेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि काढले ते योग्यच झालं. या प्रश्नांमुळे माणूस आपण काल रिकामे नव्हतो हे सिद्ध करायला लागतो. ‘काल दोन मीटिंग होत्या, मग एक बग बघितला, मग क्लायंटचा कॉल होता...’ यातलं शेजाऱ्याच्या कामाचं काही नसतं.

आम्ही बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. जे काम संपायच्या सर्वांत जवळ आहे ते आधी. ते आज संपवायला कोण हवं, काय हवं? मग त्याच्या अलीकडचं. नवीन काम सर्वांत शेवटी, आणि बरेचदा तिथपर्यंत पोचायची गरजच पडत नाही. या एका बदलाने अर्धवट पडून राहणारी कामं कमी होतात, कारण नवं काम हातात घेण्याचा मोह प्रत्येकाला असतो आणि जुनं संपवण्याचा कुणालाच नसतो.

४. स्वामिमलैचा साचा

इथून जवळच स्वामिमलै आहे. पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचं गाव. चोळांच्या काळापासून चालत आलेली मेणाच्या साच्याची पद्धत तिथे आजही चालते. मेण आणि राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे थर चढवायचे, प्रत्येक थर सावलीत वाळवायचा. मग साचा तापवून मेण काढून टाकायचं, तो तोंड वर करून खड्ड्यात पुरायचा आणि त्यात वितळलेला धातू एकसंध धारेने ओतायचा. आत पोकळी एकच, मूर्ती एकच. ओतताना बिघडली तर मेणापासून पुन्हा सुरुवात.

ओतकामाच्या सकाळी मी तिथे एका कार्यशाळेत उभी होते. ऐन पावसाळ्याचे, म्हणजे इकडच्या कार्तिकातले दिवस. भट्टी पेटलेली, मुशीतला धातू लाल होत आलेला, चार साचे रांगेत मांडलेले. मुख्य स्थपती प्रत्येक साच्यापाशी थांबून ज्याने तो हाताळला त्याच्याकडे नुसतं बघत होते. तिसऱ्या साच्याशी साचे वाळवणारा पोरगा होता, तिथल्या सगळ्यांत लहान. त्याने साच्याच्या बुडाला हाताची पालथी बाजू लावली आणि म्हणाला, हा ओला आहे. स्थपतींनी मान हलवली. दोघांनी तो साचा उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्या तीन साच्यांचं काम सुरू झालं. ‘अजून कसा ओला? काल काय करत होतास?’ असं कुणी विचारलं नाही. साच्यात ओल राहिली तर धातू आत जाताच तिची वाफ होते, साचा फुटतो, माणसं भाजतात. ओल सांगणारा पोरगा तिथे सगळ्यांचा जीव वाचवत असतो आणि हे सगळ्यांना माहीत असतं.

सॉफ्टवेअरमध्ये कुणी भाजत नाही, म्हणून ओल लपवली जाते. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कळतं की पेमेंटचा भाग सोमवारपासूनच चालत नव्हता, आणि ज्याला ते माहीत होतं तो चार सकाळी ‘ऑन ट्रॅक’ म्हणत होता. तो खोटारडा असतो असं नाही. पहिल्या सकाळी त्याने अडचण सांगितली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज त्याने मागच्या कुणाचं काय झालं त्यावरून बांधलेला असतो.

त्यामुळे अडचण सांगणाऱ्याला पहिलं उत्तर काय मिळतं यावर सगळं अवलंबून आहे. आमच्याकडे ते ठरलेलं आहे: ‘बरं झालं सांगितलंस. कोण लागेल तुला?’ कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, ‘हे काल का नाही बोललास’ म्हणायचं नाही. कारणं शोधायला नंतर वेळ असतो. नवा माणूस टीममध्ये आला की तो पहिले काही दिवस फक्त हे एक बघत असतो. दुसऱ्या कुणीतरी अडचण सांगितली, त्याचं काय झालं? त्याला जे दिसतं त्यावर तो पुढे आपलं तोंड उघडतो किंवा मिटतो.

५. ‘जवळजवळ झालंय’

हे वाक्य आलं की मी थांबते. ‘नव्वद टक्के झालंय’ हे त्याचंच दुसरं रूप. उरलेले दहा टक्के आठवडाभर तसेच राहतात. यावर ओरडून उपयोग नसतो. ‘काय उरलंय?’ एवढं शांतपणे विचारावं. उत्तरात एखादी ठोस गोष्ट आली, ‘दोन टेस्ट केस उरल्यात’ किंवा ‘सर्व्हरचा पासवर्ड मिळाला नाही’, तर ठीक. उत्तर गोल गोल आलं तर तो माणूस अडकलेला आहे आणि त्याला ते अजून स्वतःलाही नीट कळलेलं नाही. त्याच्या शेजारी कुणाला तरी बसवावं. तसंच ‘सेम ॲज येस्टरडे’. दोन सकाळी लागोपाठ तेच ऐकू आलं की तिसरी सकाळ उजाडू देऊ नये.

६. उपाय तिथे नको

दोघं उपायावर बोलायला लागले की बाकीचे आठ जण प्रेक्षक होतात. पाळी चालवणाऱ्याने हात वर करायचा, दोघांची नावं बोर्डाच्या कोपऱ्यात लिहायची, आणि बैठक संपताक्षणी ते दोघे थांबतात. ‘नंतर बोलू’ म्हणून सोडलेली गोष्ट बोलली जात नाही, म्हणून ‘नंतर’ म्हणजे पावणेदहा.

७. खरं काम पावणेदहानंतर

पुढारपण करणाऱ्याचं काम बैठकीत फार थोडं आणि बैठकीनंतर फार मोठं असतं. साडेनऊला तीन अडचणी कळल्या तर पुढचा तास त्या तिघांचा. कुणाला दुसऱ्या टीमकडून परवानगी हवी असते, कुणाला क्लायंटकडून एका ओळीचं उत्तर. ज्या फोनला ज्युनिअरला दोन दिवस उत्तर मिळत नाही, त्याच फोनला मॅनेजरला दहा मिनिटांत मिळतं. मग तो फोन मॅनेजरनेच करावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्या अडचणींचं काय झालं ते सांगावं, सुटली नसेल तर तेही सांगावं. अडचण सांगून काही होत नाही असा अनुभव दोनदा आला की माणसं सांगणं थांबवतात. मग राग धरून उपयोग नाही.

आमच्या घरात टी. माधवरावांचं नाव मोठ्या आदराने निघतं. ते १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी गृहस्थ. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार त्यांनी पाहिला, आणि १८८१ मध्ये महाराजांच्या हाती अधिकार येण्याच्या सुमारास त्यांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली आहेत. अठरा वर्षांच्या तरुणाला राज्य सोपवताना राजाचं काम कोणतं आणि अधिकाऱ्यांचं कोणतं हे एका अनुभवी माणसाने बसून समजावलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे उत्तम प्रोग्रॅमरला एका सोमवारी टीम लीड करतात आणि त्याला कुणी काहीच सांगत नाही. तो बिचारा साडेनऊला सगळ्यांच्या कोडमधल्या चुका काढत बसतो, कारण त्याला तेवढंच उत्तम येतं.

८. गप्प राहणाऱ्याला आधी बोलतं करा

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. तिच्यात सुरी चालवण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, नर्सनेही. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. यादीत इतर गोष्टीही होत्या, श्रेय सगळ्यांचं. पण सुरुवातीला एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडल्यावर बोलायला कचरत नाही, हे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी या यादीबद्दल लिहिताना आवर्जून मांडलं आहे. मला ते रोज दिसतं.

आमच्याकडे यात भाषेची भर पडते. पुण्याची मुलं मराठी-हिंदी-इंग्रजीत भरभर बोलतात. कुंभकोणमची मुलं कामात अतिशय पक्की, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की चार शब्दांत आटपतात: ‘नथिंग फ्रॉम माय साइड.’ त्या चार शब्दांमागे बरंच काही असतं. म्हणून इथल्या मुलांना आधी बोलू देतो. तमिळमध्ये बोललं तरी चालतं, दुसरा कुणीतरी एका वाक्यात पुण्याला सांगतो. कुणाला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटत असेल तर त्याने नऊ वाजता दोन ओळी ग्रुपवर टाकाव्यात आणि साडेनऊला त्याच वाचाव्यात. मी कामापुरतं तमिळ शिकले ते मुख्यतः यासाठी. ‘अक्का, इदु वरलै’ एवढं जरी कुणी कुजबुजलं तरी काय चालत नाहीये ते मला कळावं म्हणून.

९. दोन गावांचं एक कॅलेंडर

पुण्यात गणपतीचे दहा दिवस, इथे पोंगलचे चार. पुण्यात दिवाळी भाऊबीजेपर्यंत चालते, तर इथे नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आणि फटाके झाले की मुख्य सण आटोपला. इथे देखभालीसाठी अधूनमधून दिवसभर वीज बंद असते, पण ती आधी जाहीर होते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, तेव्हा नेटचा भरवसा नसतो. हे सगळं सोमवारच्या स्टँडअपमध्ये एका मिनिटात सांगून टाकतो. आधी कळलेली गैरहजेरी ही अडचणच नसते.

१०. कधी नको

दोन-तीन माणसं एकाच टेबलावर दिवसभर काम करत असतील तर त्यांना स्टँडअप लावू नये. ती बोलतातच. दहाच्या वर माणसं गेली तर टीमचे दोन भाग करावेत, पंधरा मिनिटांत बारा जण एकमेकांचं ऐकू शकत नाहीत. आणि रोजची बैठक घेऊनही अडचणी फक्त चहाच्या टपरीवर किंवा खाजगी चॅटवरच कळत असतील, तर बैठकीची वेळ, ॲप आणि बोर्ड बदलत बसू नका. तिथे मॅनेजरच्या वागण्यात बदल लागेल, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

तुमच्या टीमचा स्टँडअप उद्या सकाळी असेलच. त्यात पहिलं वाक्य टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला बोलू द्या, त्याने काही अडचण सांगितली तर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, आणि दुपारच्या जेवणाआधी ती सोडवायला स्वतः फोन उचला.